फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

२२ डिसेंबर

कागदवाल्यानं नव्या वर्षाची डायरी आणून दिली. दरवर्षी देतो. दरवर्षी मी ती मोहिनीपुढे टाकायचो, घे तुला. ती त्यात काय लिहायची देव जाणे, मी कधी उघडून पाहिलं नाही. यंदा ती नाही, म्हणून मीच घेतली. नवं वर्ष लागायचं आहे, पण मला दम निघत नाही. पुढच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिलो.

मोहिनी भाऊबीजेला माहेरी अल्लीपूरला गेली ती परत आलीच नाही. माझा नंबर ब्लॉक. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना फोन लावला तर "ती झोपली हाये." दुपारी बाराला लावला तरी झोपलेली! कुंभकर्णाची बहीण आहे का?

काल सदाशिवकाकांनी, बाबा गेल्यापासून घरातले मोठे तेच, मामाजींशी बोलून ठरवलं. पौषात काही काढायचं नाही. संक्रांत झाली की महिन्याच्या शेवटी दोन्हीकडची माणसं आमच्या घरी बसतील. जमलं तर ठीक, नाहीतर सोडचिठ्ठी. काका हे चहात बिस्कीट बुडवता बुडवता बोलले. मी तिथून उठलो तो सरळ आपल्या छपाईच्या दुकानात येऊन शटर अर्धं पाडून बसलो.

कारण काय, तर दवाखाना. पावसाळ्यात मामाजींचं सावंगीला ऑपरेशन झालं. आमच्या पिपरीवरून सावंगी ते काय, गाडी काढली की आलं. मोहिनी तिथेच मुक्कामाला होती. म्हणे मी एकदाच आलो. आलतो न! गणपतीच्या फ्लेक्सची घाई, मंडळवाले डोक्यावर बसलेले, त्यातून वेळ काढून गेलतो. तर म्हणे दारातूनच पाहिलं अन् मोबाईल पाहत उभे राहिले. आता गिऱ्हाईकाचं प्रूफ आलं तर पाहायचं नाही का माणसानं? एवढ्यावरून कोणी घर सोडते का?

आईला विचारलं. आई म्हणाली, "मले नको इचारू." आईही तिच्याच बाजूची.

२५ डिसेंबर

पौषात लग्न नाही, लग्न नाही तर पत्रिका नाही. दुकानात मी अन् माशा. दुपारी अण्णाजी आले. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर, आता रिटायर. पत्रिका कापून उरलेल्या सोनेरी पट्ट्या न्यायला येतात. आज विचारलंच, ह्या कतरनीचं करता काय तुम्ही?

त्यांनी पिशवीतून पाकिटं काढली. बाप्पा! एकावर नकाशे कापून चिकटवलेले, एकावर जुन्या तिकिटांचा मोर, एक पाकीट तर कोणाच्या तरी हातच्या पत्रातूनच घडी घालून केलेलं, अक्षरं बाहेर. याला मेल आर्ट म्हणतात. ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा माणसांना अण्णाजी पाठवतात अन् ती माणसं यांना पाठवतात. "पाकीटच चित्र असते," म्हणाले. "वर टपालाचा ठप्पा पडला की चित्र पुरं झालं. पाठवल्याबिगर त्याले काई किंमत नाई."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले फोन लागत नाई न? पोस्टमन त लागते."

माणूस कधीकधी लाखाचं बोलतो. मी त्यांना पट्ट्यांचा आख्खा गठ्ठाच देऊन टाकला.

२७ डिसेंबर

कागद माझा, रंग माझे, हात माझा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या पत्रिका सजवल्या, स्वतःच्या बायकोला एक पाकीट नाही जमणार? जमलं. कडेनं सोनेरी वेल, मध्ये मोराच्या पिसाचा निळा. वर "सौ. मोहिनी मुकेश भोयर" असं वळणदार अक्षरात लिहिलं की मीच पाहत राहिलो.

पण आत काय घालू? लिहायला बसलो तर एक ओळ सुचेना. "प्रिय मोहिनी, घरी ये" यापुढे काही नाही. अन् हे तर फोनवरही म्हटलं असतं.

मग आठवलं. साखरपुडा अन् लग्नाच्या मधे मोहिनी मला चिठ्ठ्या लिहायची. मोबाईल होता तिच्याजवळ, पण चिठ्ठ्याच लिहायची, तिची हौस. अक्षर काय तिचं! मात्रा अशी वर झोक घेऊन जाते. कपाटातून डबा काढला. तिच्याच चिठ्ठ्यांतले शब्द कापून त्यांचं चित्र करायचं. तिची अक्षरं तिलाच परत. याहून मोठं प्रेम काय दाखवणार?

अण्णाजी म्हणाले, "झेरॉक्स काढ रे, अस्सल नको कापू." मी ऐकलं नाही. झेरॉक्समध्ये शाईचा निळा येत नाही, मेल्यासारखा काळा येतो.

आज एक वाक्य कापलं. "तुम्ही माह्या चिठ्ठीले उत्तर काऊन नाई देत?" त्यातला "उत्तर" फार सुरेख होता, त्याचा तो जोड त. बाकीचं टाकून तेवढाच घेतला. मोराच्या डोळ्याच्या जागी बसवला.

२ जानेवारी

पाकीट परत आलं. मागे पेनानं लिहिलंय: घेण्यास नकार.

पोस्टमनसमोर हसलो. म्हटलं, पत्ता चुकला असेल. तो म्हणाला, "पत्ता बराबर हाये भाऊ. म्हातारबुवानं पाहिलं अन् वापस केलं."

म्हणजे मामाजी. मोहिनीच्या हातात गेलंच नसेल, माझी खात्री आहे. तिनं पाहिलं असतं तर घेतलंच असतं. मी तडक दुसरं करायला बसलो. यात लाल जास्त घातला.

७ जानेवारी

दुसरंही परत.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "दोन घास खा." मी ताट सरकवलं अन् ओरडलो, मग लाज वाटली, मग अजून ओरडलो. ती गुपचूप ताट उचलून घेऊन गेली. घर इतकं गप्प आहे की फ्रिज चालू झाला तरी दचकतो. मोहिनी होती तेव्हा ती अन् आई स्वयंपाकखोलीत दिवसभर बोलत राहायच्या, मी इकडून म्हणायचो, "आवाज कमी करा, मी फोनवर हाय." आता करा म्हटलं आवाज, तर कोणी नाही.

रडू आलं. लिहून ठेवतो, कोण वाचते!

रात्री पडल्या पडल्या अक्कल सुचली. पाठवणारा म्हणून माझं नाव असते, त्यानंच परत येते. आईचं नाव घालायचं! मामाजी आईला फार मानतात. वच्छलाबाईचं पाकीट ते दारातून परत पाठवणार नाहीत. आईला सांगायची गरज नाही, ती उगाच कीस काढत बसेल.

१२ जानेवारी

हे पाकीट वेगळं केलं. सोनेरी, मोर, वेल, सगळं बाद. लग्नपत्रिकाच वाटत होती ती, म्हणून मामाजी चिडले असतील. यावेळी साधं, जुनं दिसेल असं. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. पत्ता काळ्या शाईत. हळदीकुंकवाचं बोट कुठेच नाही. अन् खरी करामत वरच्या कोपऱ्यात: तो कात्रीनं न कापता हातानं फाडला, ओबडधोबड, की आतल्या चिठ्ठीचा निळा त्यातून डोकावावा. एवढं एक फाडलं अन् पाकिटाला जीव आला.

आत तिच्या चिठ्ठ्यांचे तुकडे, माझा एक शब्द नाही. तिला कळेल. मागे लिहिलं: वच्छलाबाई रूपराव भोयर, पिपरी मेघे.

अण्णाजींना दाखवायचं होतं, पण ते नागपूरला लेकीकडे गेले आहेत. तसंच पोस्टात टाकलं.

१४ जानेवारी

संक्रांत. आई शेजारी तिळगूळ द्यायला गेली अन् लवकर परत आली. कोणीतरी विचारलं असणार, सून कुठं. तिळगुळाची वाटी तिनं फ्रिजवर ठेवली, मोहिनीच्या नावाची वेगळी.

पाकीट परत आलेलं नाही! अजून एक-दोन दिवस जाऊ देतो, मग नाचतो.

१७ जानेवारी

सगळं लिहितो, जसं झालं तसं.

दुपारी जेवायला घरी आलो, मोबाईल दुकानात चार्जिंगला राहिला. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी आत टेबलावर पुढच्या पाकिटाची तयारी करत होतो. बोटं डिंकानं चिकट झालेली. दारात जीप थांबली.

आधी मामाजी उतरले. खांद्यावर दुपट्टा. आईला पाहिलं अन् जीपचं दार धरून लहान लेकरासारखे रडायला लागले. "वच्छलाबाई, कसं झालं वो हे! असा कसा गेला मुकेश!"

आईच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. "कोन गेला? मुकेश त आत हाये!"

मी बाहेर आलो. मामाजी मला पाहून दोन पावलं मागे सरकले, चाकाला अडखळले. त्यांच्या मागून मोहिनी उतरली. फिकट साडी, केस नुसते बांधलेले. मला बाकी काही दिसलंच नाही. ती आली एवढंच दिसलं. इतक्या दिवसांनी ती माझ्या दारात! जीव भांड्यात पडला अन् मी हसलो. खरंच हसलो, खो खो करून. काऊन हसलो ते मलाच ठाऊक नाही.

ती म्हणाली, "तुम्ही हाये?"

"हाये न! जातो कुठं?"

मामाजींनी खिशातून पाकीट काढलं. हातात धरायलाही नको म्हणून रुमालात गुंडाळलेलं. आईनं फक्त तो कोपरा पाहिला अन् कपाळावर हात मारला. "अव माय! अरे भैताडा, फाटक्या कोपऱ्याचं पत्र मयतीचं असते! माणूस मेलं की कोपरा फाडून पाठवतात. घरात नाई आनत ते, बाहेरच वाचून फाडून टाकतात. हे तुले कोनं शिकवलं?"

मला काय ठाऊक? मी तेरवीच्या पत्रिका छापतो, त्या काळ्या शाईत असतात, कोपरे चारही शाबूत असतात. आमच्या पिढीत मेल्याची खबर मोबाईलवर येते, फोटोला हार घालून. कोपरा फाडतात हे मला कोणी सांगितलंच नाही.

मामाजी म्हणाले, "तुमचं नाव मागं, वच्छलाबाई. मंग गेलं कोन? पोराशिवाय हाये कोन घरात? फोन लावला त वाजून राह्यला अन् कोनी उचलत नाई. सदाशिवरावले लावला, तेही उचलत नाई. मले वाटलं, दिवसकार्याच्या गडबडीत असतील सगळे." आईचा फोन तर रिचार्जविना पडलेला. सदाशिवकाका नंतर कळलं दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते.

"अन् आत ह्या चिठ्ठ्या," मोहिनी म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही गेल्यावर आईनं माह्या चिठ्ठ्या फाडून वापस पाठवल्या. माह्यावर राग धरून."

आई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. "मी? तुह्यावर?"

मोहिनी पाणी प्यायला आत आली. टेबलावर डबा उघडा, कात्री, कतरन. तिनं एक चिठ्ठी उचलली, मधला भाग कापलेली, खिडकी पडल्यासारखी. त्या भोकातून ती जरा वेळ पाहत राहिली.

"वाचल्या होत्या काय तुम्ही ह्या?"

"वाचल्या म्हणजे? पाठ हायेत मले. तुझं अक्षर त काय सांगू..."

"अक्षराचं नाई इचारून राह्यली मी," ती म्हणाली अन् चिठ्ठी होती तशी खाली ठेवली.

आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. तेव्हा मी पाहिलं. मोहिनीचं कपाळ मोकळं. गळा मोकळा. आई म्हणाली, "बाई, आधी हे लाव. गळ्यात घाल. जिता हाये तो, अपशकुन नको."

मोहिनीनं आईचा हात धरला. रागानं नाही, हळूच. म्हणाली, "आई, मंगळसूत्र वाटेत काढलं मी. कोनी सांगितलं नाई, मीच काढलं. अल्लीपूर सोडलं तवापासून रडत होती. यांच्यासाठी जेवढं रडाचं होतं तेवढं सगळं रडून झालं. पिपरीचा फाटा आला तवा रडू थांबलं, अन् मले असं मोकळं मोकळं वाटलं. खोटं काऊन बोलू तुमच्याशी? आता परत कुठून घालू?"

आईनं करंडा टेबलावर ठेवला, कतरनीत.

मामाजी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जवाईबापू, जिते हाये हे बरं झालं." खरंच म्हणाले, मनापासून. जीप गेली. मोहिनीनं मागे पाहिलं, ते आईकडे.

१८ जानेवारी

रात्रभर विचार केला. मला तर यात चांगलंच दिसते. अल्लीपूरपासून पिपरीपर्यंत रडत आली! प्रेम नसलेली बाई एवढी रडते का? बैठकीत हेच मांडायचं. अपशकुनाचं झटकन मनात बसते, महिन्याभरात निवळेल. मी मेलो म्हणून धावत आली, तर जिवंत माझ्याकडे चालत तरी येईलच न?

हे आईला म्हटलं. आई तुरीचे दाणे निवडत होती. म्हणाली, "मुकेश, ती काय बोलली ते ऐकलं काय तू?" म्हटलं, ऐकलं न, म्हणूनच म्हणून राहिलो. आई परत दाणे निवडायला लागली.

१९ जानेवारी

शेजारपाजारला कळलं. जो तो येऊन मला हात लावून पाहून जातो. गल्लीत हसं झालं. आई सगळ्यांना एकच सांगते, मेल्याची खबर खोटी निघाली की आयुष्य वाढते. वाढलं म्हणते. आता या वाढलेल्या आयुष्यात रोज संध्याकाळी घरी येऊन काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

अण्णाजी परत आले. सगळं ऐकून म्हणाले, "मी म्हनलं होतं न, झेरॉक्स काढ." मी भडकलो. म्हटलं, सर, इथे माझा संसार जळून राहिला अन् तुम्हाला झेरॉक्सचं पडलं? ते म्हणाले, "तेच त सांगून राह्यलो." म्हाताऱ्यांचं काही कळत नाही.

२६ जानेवारी

काल बैठक झाली. झाली काय, बसली अन् उठली. मी नवा शर्ट घातला होता. आईनं पोहे केले. मामाजी एकटेच आले.

मी माझं मांडलं. अल्लीपूरपासून रडण्याचं. मी बोलत असताना सदाशिवकाका पोह्यातले शेंगदाणे वेगळे करत होते. मामाजी मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "जवाईबापू, ती म्हनते, बैठक कायले? तिच्या लेखी ते सगळं त्या दिवशी जीपमध्येच झालं. तुमच्यावर राग नाई तिचा. राग असता त मीच समजावलं असतं."

राग नाही! हात जोडतो मी, तिनं रागवावं. शिव्या द्याव्या, काही फेकून मारावं. राग असता तर मी उद्या सकाळी अल्लीपूरला जाऊन उंबऱ्यावर बसलो असतो. राग नसलेल्या माणसापुढे बसून करायचं काय? मी रडलो, सगळ्यांसमोर. सदाशिवकाका म्हणाले, "अरे अरे." मामाजींनी त्यांचा रुमाल दिला. तोच रुमाल असेल का, पाकीट गुंडाळलेला? कोणास ठाऊक.

उठताना मामाजींनी एक निरोप दिला. सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये जागा निघाली आहे. मोहिनीच्या मार्कशीटा अन् सर्टिफिकेटं आमच्या कपाटात आहेत. तेवढी पाठवून द्या, म्हणाले. "घ्याले मी येतो म्हनलं होतं, पन ती म्हने पोस्टानंच येऊ द्या."

२८ जानेवारी

कपाटातल्या लॉकरमध्ये सापडली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. लॅबचा कोर्स तिनं लग्नाआधी केला हे मला माहीत होतं. कॉलेजात पहिली आली होती हे माहीत नव्हतं. की सांगितलं होतं?

साधं खाकी पाकीट घेतलं. चारही कोपरे दोनदा तपासले. सगळ्या कागदांवर एकच नाव, माहेरचं, मोहिनी प्रभाकर झाडे. पाकिटावर काय लिहू? सौ. लिहिलं तर ऑफिसात घोळ होईल, नावं जुळायला पाहिजेत. बॉलपेन घेतला अन् कागदांवर होतं तसंच लिहिलं, साध्या अक्षरात. वेल नाही, काही नाही. हात सारखा मात्रेला झोक द्यायला जात होता, आवरला.

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीवरचा बाबू मला आता ओळखतो. म्हणाला, "काय भाऊ, आज चित्र नाई काढलं?"

"नाई."

"घरी कोनी असते न घ्याले? नाईतर वापस येईन पुन्हा."

"असते," म्हटलं. "वाट पाहून राह्यली."

३० जानेवारी

दुपारी मोबाईलवर पोस्टाचा मेसेज आला. पाकीट पोचलं. घेणाऱ्याची सही: मोहिनी झाडे.

आई आतून म्हणाली, "कोनाचं वाजलं रे?"

"मोहिनीचं."

ती हातातलं टाकून पळत बाहेर आली. "काय म्हनते?"

म्हटलं, "काई नाई. पाकीट घेतलं म्हनते."